रजिस्टर्ड मोबाईल नंबर

आमचे हे रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी फोन उघडून बघायचे, मुलीचा अर्ज कुठवर पोचला ते. मी ओरडायचे, "अहो, आधी चूळ तरी भरा. विद्यापीठवाले अजून अंथरुणात असतील." तर म्हणायचे, "वेबसाइट झोपत नसते." मग चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाला लावून अर्ज क्रमांक घालायचे. तो आकडा त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लिहून ठेवला होता. पण त्यांना तो पाठच झाला होता, आणि ऐकून ऐकून मलाही. पानावर एका रेघेत पाच गोल होते. अर्ज मिळाला, फी मिळाली, कागदपत्रं तपासली, गुणवत्ता यादी, जागा. झालेला गोल हिरवा, चालू असलेला पिवळा, बाकीचे राखाडी. आमचा तिसरा गोल कित्येक दिवस पिवळाच होता आणि त्याखाली लिहिलेलं असायचं, अंडर प्रोसेस.

मला त्या पिवळ्या गोलाचं काही वाटायचं नाही. मी शांती नगरात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, दिवसभर माझ्यासमोर वाट बघणारी माणसंच उभी असतात. "मॅडम, रिपोर्ट आया क्या?" "नहीं आया, शाम को देखो." पहिल्यांदा विचारलं तर नीट सांगायचं, दुसऱ्यांदा विचारलं तरी नीट सांगायचं, तिसऱ्यांदा खेकसायचं, असा माझा हिशोब. ह्यांच्यावर मात्र मी पहिल्या खेपेलाच खेकसायचे. घरच्या माणसाला कसली सवलत! आता वाटतं, रोज सकाळी तो गोल बघून "आजपण तसंच" म्हणणारं माणूस घरात होतं, हेच केवढं होतं.

लेक आमची एकुलती. झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि तिला पुढे समुद्रातल्या जीवांचाच अभ्यास करायचा होता. हे वेड बापाने लावलेलं. रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून उत्तनला मासळी आणायला जायची आणि तासाचं काम अर्ध्या दिवसाचं करून यायची. तिथली गळ्यात क्रूस घातलेली एक म्हातारी मासेवाली जाळ्यात चुकून आलेलं, कुणी विकत न घेणारं काहीबाही हिच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. "खायचा न्हाय, बगायचा हाय," म्हणायची. मी पिशवी उघडून बघावं तर दोन पापलेटं, आणि हिच्या डब्यात समुद्राचं पाणी घालून आणलेला एखादा वळवळणारा प्राणी. "कप्पाळ माझं," मी म्हणायचे, "आता भाताबरोबर हे वाढू?" बापलेक हसायची.

ह्या विषयाचं चांगलं शिक्षण दूर दक्षिणेकडे, समुद्राकाठच्या एका विद्यापीठात मिळतं, असं तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं. जागा मोजक्या. दोघांनी तिथेच अर्ज करायचं ठरवलं. मी म्हटलं, इथे जवळपासही एखादा भरून ठेवा, हातचं असावं काहीतरी. तर बाप म्हणतो, "तिला तेच हवंय ना? मग तेच."

अर्ज भरला तो ह्यांनी. म्हणजे मार्क आणि विषय लेकीने सांगितले, बोटं ह्यांची. मोबाईल नंबरचा रकाना आला तेव्हा तिने आपला नंबर सांगायला तोंड उघडलं, पण ह्यांनी आपलाच टाकला. "पोरीचा नंबर असा कुठेही द्यायचा नाही." हे काही नवीन नव्हतं. आमच्याकडे गॅसचं बुकिंग, लाइटबिल, बँक, माझं आधार, सासूबाईंची औषधं, सोसायटीचं गेट, सगळं ह्यांच्या नंबरावर. खाली कुरिअरवाला आला की आधी ह्यांना ऑफिसात फोन, मग ह्यांचा मला फोन, "दार उघड, माणूस आलाय." परळच्या चाळीत वाढलेला माणूस; तिथे खालच्या दुकानातल्या एका फोनवर सगळ्या मजल्यांचे निरोप यायचे. घराला एकच नंबर असावा असं त्यांना मनापासून वाटायचं. अर्जातला ईमेलही त्यांचाच, आणि त्याचा पासवर्ड त्यांना नाही, फक्त त्यांच्या फोनला माहीत.

उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी ते सोसायटीच्या मीटिंगला खाली गेले. पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं, हे नेहमीसारखे मध्ये पडले, वर आले, पंख्याखाली बसले आणि पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती. रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी डोळे बघितले आणि मला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजले. चोपन्न वर्षांचा माणूस. बीपीची गोळीसुद्धा नव्हती. लॅबमध्ये चला, सगळं तपासून घेऊ म्हटलं की म्हणायचे, "तुझ्या लॅबमधली सुई सोडून काहीही दे."

दहाव्याला खाडीकाठी गेलो. पिंड मांडला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. गेलेल्याचं काही मनात राहून गेलं असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्यात मानतात. मग नातेवाईक हात जोडून एकेक वचन देत जातात. कावळे होते, चांगले डझनभर होते, शेडच्या पत्र्यावर बसून होते. पण आमच्या आधी तिथे चार घरचे विधी होऊन गेले होते, पोटं टम्म भरलेली. दीर म्हणाले, "आईला सांभाळू." कावळा हलेना. "वहिनींना काही कमी पडू देणार नाही." नाहीच. शेवटी माझ्या लेकीने हात जोडले. "बाबा, मी आईला आणि आजीला सोडून कुठेही जाणार नाही," म्हणाली. कावळा तिच्याकडेही बघेना. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला.

घरी सासूबाई थांबल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पोटचा मुलगा गेलेला. दारातच एकच विचारलं, "शिवला?" दीर खोटं बोलायला गेले, पण त्यांना ते कधी जमलं नाही. मग सासूबाईंच्या मनाने घेतलं, की मुलाचा जीव फोनात अडकलाय. "जेवताना फोन, झोपताना फोन. सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी फोन. तो दिल्याशिवाय सुटायचा नाही माझा पोर."

तेराव्याला आमच्याकडे शय्यादान असतं. गेलेल्या माणसाची गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला असं सगळं गुरुजींना देतात, पुढच्या वाटेवर त्याला काही कमी पडू नये म्हणून. मी आतल्या खोलीत भेटायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात बसले होते. बाहेर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने गादीवर उशी ठेवली, उशीवर फोन ठेवला, बाजूला चार्जर गुंडाळून ठेवला, वर तुळशीपत्र ठेवलं आणि पाणी सोडलं. सिम काढायचं कुणाला सुचलं नाही. सासूबाईंना तर सिम म्हणून काही असतं हेच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मला कळलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आई, फोन?"

"सोडवला त्याला," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा शांत दिसला. त्या चेहऱ्याशी कोण भांडणार! आणि खरं सांगू, अर्ज तेव्हा माझ्या डोक्यातच नव्हता. माझा नवरा गेला होता.

पुढे मी लॅबमध्ये जायला लागले. महिना बदलला म्हणून कॅलेंडरचं पान उलटायला गेले, तर तो अर्ज क्रमांक दिसला. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या फोनवर ती वेबसाइट उघडली. क्रमांक आणि जन्मतारीख घातली की अर्ज कुठे आहे ते कुणालाही दिसायचं. तिसरा गोल हिरवा झाला होता! चौथा पिवळा. मी वळून "अहो" म्हटलं. म्हटलंच, तोंडातून बाहेर पडलं. मग गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसले.

लेकीला म्हटलं, "कागदपत्रं पास झाली गं तुझी." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कशाला बघतेस ते? मी जाणार नाहीये. इथेच कुठेतरी नोकरी बघते."

माझ्या मनाचं विचाराल तर तिने जाऊ नये असं मलाही वाटत होतं. कुठल्या आईला वाटणार नाही? घरात तिघी उरलो होतो. त्यातली एक गेली की संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही कुणी नाही. नातेवाईक तर तोंडावर सांगत होते, "आता कुठे लांब पाठवतेस, पोरीने आईजवळ असावं." मी मान हलवायचे. आणि रोज सकाळी उठून, तोंड धुवायच्या आधी, तो गोल बघायचे. कशासाठी बघत होते ते मला विचारू नका. त्यांचं एवढं एकच काम अर्धवट राहिलेलं होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

एका सोमवारी पाचवा गोल निळा झाला. हा रंग मी आधी पाहिलाच नव्हता. खाली लिहिलं होतं, तुम्हाला जागा देऊ केली आहे, गुरुवार संध्याकाळपर्यंत लॉगिन करून स्वीकारा, नाही तर ती पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. मी लॉगिन दाबलं. तुमच्या रजिस्टर्ड मोबाईल नंबरवर ओटीपी पाठवला आहे, असं आलं. त्याखाली सगळ्या फुल्या आणि शेवटचे दोन आकडे. तो नंबर भाईंदरला, नवघरात, गुरुजींच्या घरी होता.

लॅबमधून जेवणाच्या सुट्टीत विद्यापीठाच्या हेल्पलाइनला फोन केला. बाई गोड बोलली. नंबर बदलता येईल म्हणाली, जुन्या नंबरवर ओटीपी येईल तो टाका. मी म्हटलं, बाई गं, तो जुना नंबरच तर माझ्याकडे नाही. मग मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र पाठवा, आठवडा-दहा दिवस लागतील. इथे गुरुवार तोंडावर आलेला, आणि दाखला अजून महापालिकेतून यायचाच होता. तशीच मोबाईलच्या दुकानात गेले, डुप्लिकेट सिम द्या म्हटलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "जिनके नाम पे है उनको लेके आओ, आंटी. दो मिनट का काम है."

"वो नहीं आ सकते."

"तो वीडियो कॉल पे ले लो."

त्याची तरी काय चूक! माझ्या कपाळावर टिकली होती, मी काढली नव्हती.

शेवटी सरळ ह्यांच्याच नंबरला फोन लावायचं ठरवलं. माझ्या फोनात तो "अहो" नावाने आहे. हे गेल्यापासून मी त्या नावावर बोट ठेवलं नव्हतं. रिंग वाजायला लागली, आणि रिंग वाजत असताना माणूस किती खुळा होतो बघा, मला वाटलं, उचलतील. उचललाही. बाईचा आवाज. "हॅलो, कोण पाहिजे?"

पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांचा फोन परक्या बाईने उचलला तो हा पहिलाच. हे असते तर मी केवढा तमाशा केला असता, आणि हे केवढे हसले असते.

त्या गुरुजींच्या पत्नी होत्या. मी कोण ते सांगितलं, अर्जाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काकू, आता एक मेसेज येईल, त्यातले सहा आकडे तेवढे मला वाचून दाखवा." पलीकडचा आवाज एकदम चढला. "ओटीपी मागतेस? ओटीपी मागणारे चोर असतात हे मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या शेजारणीला असंच लुबाडलं. गेलेल्या माणसाचं सांगून फसवता, लाज नाही वाटत?" आणि फोन बंद. पुन्हा लावला, उचलला नाही. दिराकडून गुरुजींचा स्वतःचा नंबर घेतला, पण त्यांचं सिमही आता ह्यांच्याच फोनात घातलेलं असणार, कुणी उचलेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून घरी आले आणि लेकीला म्हटलं, "चल, नवघरला जाऊन येऊ. गुरुजींकडे."

सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्या चमकल्या. "दिलेलं परत मागायला? तेराव्याचं दान?"

"फोन नकोय, आई. त्यात मेसेज येतो तो फक्त वाचायचाय."

"मेसेज म्हणजे त्यालाच आलेला ना? एवढ्या मुश्किलीने सुटलाय. पुन्हा त्याला ह्या घरच्या कामांना जुंपू नकोस गं."

बाई चुकीचं बोलत नव्हती. आणि लेक, ती तर उठून आत निघाली. "तू कुणाला विचारून हे सगळं करतेस? मी बाबांना वचन दिलंय. तू होतीस तिथे."

तेव्हा माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांत घरात मी आवाज चढवला नव्हता, तो चढला. "होते ना! ह्याच डोळ्यांनी बघितलंय मी. तू वचन दिलंस तेव्हा शिवला का कावळा? नाही शिवला! तुझं सगळं ऐकून घेतलं त्याने आणि जागचा हलला नाही. तुझ्या बापाला ते वचन नकोच होतं, एवढं कळत नाही तुला? शिकलीस ना तू प्राण्यांचं सगळं?"

मी काही कावळ्यांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. त्यांची पोटं भरलेली होती, हे मला पक्कं माहीत आहे. पण सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. नातीला म्हणाल्या, "जा. चपला घाल."

नवघरात नव्या टॉवरांच्या मागे अजून जुनी बैठी घरं आहेत, त्यातलं एक गुरुजींचं. रिक्षा दारापर्यंत जात नाही, आम्ही चालत गेलो. गुरुजी नुकतेच कुठूनसे येऊन पाय धूत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, आणि आतून बाहेर आलेल्या काकूंनी माझा आवाज ओळखून जीभ चावली. "अगं बाई, तुम्हीच होता होय! काय काय बोलले मी तुम्हाला."

"बरोबरच केलंत," मी म्हटलं, "द्यायचा नसतोच कुणाला."

काकूंनी चटई टाकली, पाणी आणलं आणि कपाटावरून फोन काढून दिला. कव्हर तेच, कोपऱ्यात चिरलेलं. बटण दाबलं तर वर लेकीचाच फोटो, उत्तनच्या किनाऱ्यावर हातात डबा धरून हसत उभी. "मला बदलता येत नाही तो," काकू म्हणाल्या. मग, "आणि आता रोज बघून सवय झालीय हो पोरीची."

लेकीने आपल्या फोनवर साइट उघडली, लॉगिन दाबलं, आणि ह्यांच्या फोनची टिंगटिंग वाजली. मेसेजचा तो आवाज आमच्या घरात दिवसातून पन्नासदा वाजायचा. मी वैतागून म्हणायचे, एक दिवस खाडीत फेकून देईन हा फोन. लेकीने तो ऐकला आणि ओढणी तोंडावर धरली. आकडे मी वाचले, तिने भरले. एक आकडा मला दोनदा सांगावा लागला. पान उघडलं. "स्वीकारा" आणि "नाकारा", दोन्ही शेजारी शेजारी.

तिचं बोट थांबलं. "आई, तू काय करशील गं?"

"रडेन," मी म्हटलं. "लॅबला जाईन. आजीच्या गोळ्या देईन. परत रडेन. तू इथे राहिलीस तरी हेच करणार आहे. दाब."

तिने दाबलं. पाचवा गोल हिरवा झाला. काकू उठून आत गेल्या आणि वाटीत साखर घेऊन आल्या. आमच्या घरात वर्षभर गोड नाही, हे त्यांना माहीत असणारच, पण त्यांनी चिमूटभर लेकीच्या हातावर ठेवली आणि तिने ती खाल्ली.

निघताना गुरुजी म्हणाले, "ताई, फोन घेऊन जा हा. माझा जुना दुरुस्त करून घेईन मी." मी नको म्हटलं. सासूबाईंना काय तोंड दाखवू? पण हॉस्टेलचे, फीचे, पुढचे सगळे मेसेजही त्याच नंबरावर येणार होते, तेही खरं. तेव्हा गुरुजी म्हणाले, "असं करू. संकल्प मीच सांगितला होता, मला आठवतंय. दान वस्तूचं झालं. नंबर आम्ही त्यात म्हटला नव्हता." काकूंनी पदराची पिन काढून दिली, लेकीने ह्यांचं सिम काढून माझ्या तळहातावर ठेवलं. गुरुजींचं दुसऱ्या खाचेत होतं, ते तसंच राहिलं. फोटोही राहिला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी तळहात पुढे केला. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"एवढंसं?"

"एवढंसंच असतं, आई."

"त्याचा नंबर ह्यात होता?"

"हो."

बोट लावायला गेल्या, पण लावलं नाही. "मग मी काय दिलं गं?" म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. हे गेल्यापासून मी त्यांना इतकं मोकळं रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांना धरून बसले, लेक आमच्या दोघींच्या मध्ये. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले. "देवाजवळ नको ठेवू ते. तुझ्या फोनात घाल. पोरीचं काम अडायला नको."

असे ह्यांचे मेसेज मला यायला लागले. खोलीचा क्रमांक, कागदपत्रांची यादी, "प्रिय पालक, आपल्या पाल्याचे अभिनंदन". मध्येच फोनही यायचे. त्यांचा एक जुना शाळासोबती लांबच्या गावाहून बोलला, "काय रे, कुठे गायब झालास?" त्याला मी सांगितलं. तो रडायला लागला आणि त्याची समजूत काढता काढता लॅबमध्ये लाइन लागली. दर वेळी नव्याने सांगावं लागायचं. पण नंबर बंद करायचा विचार मी केला नाही. कुणीतरी त्यांना शोधतंय, हे मला बरं वाटायचं.

लेकीला सोडायला दीर गेले. सासूबाईंना एकटं ठेवून मला जाता येईना. मी सुकट, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती म्हणाली, "आई, तिकडे समुद्रच आहे, सुकट कशाला?" म्हटलं, असू दे, तिकडच्या समुद्राला तुझी सवय व्हायची आहे अजून. रिक्षात बसताना तिने मागे वळून बघितलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिरांचा मेसेज आला. खोली मिळाली, सामान लावून दिलं, मी परत निघतोय. मी काउंटरवर होते, गर्दी नव्हती. राहवेना, म्हणून तिला फोन लावला. दोन सिमं झाल्यापासून माझा फोन कसा वागतो ते मला अजून नीट कळत नाही. कधी माझ्या नंबरावरून लावतो, कधी त्यांच्या. एक रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला. पण बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी पोरी हसत होत्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"बाबा?"

तिच्या फोनात तो नंबर अजून बाबाच होता.

मला "मी आहे गं" म्हणायचं होतं. पण मी बोलले की ते जाणार होते, पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी माझ्या तोंडून. मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले. समोर एक आजोबा येऊन उभे राहिले, रिपोर्ट आला का विचारायला, त्यांनाही काही सांगता येईना.

"बाबा, मी पोचले," ती म्हणाली.

मी नुसतं "हं" म्हटलं.